सीसी नको, पाय टेकू द्या!

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये तीन विषयांवरचे वाद कधीच संपत नाहीत. पहिला, आजची भाजी नक्की कशाची आहे. दुसरा, इंटर्नलचे मार्क कोणत्या नियमाने पडतात. आणि तिसरा, पुढची ॲडव्हेंचर बाइक कधी येणार आणि कशी असणार. पहिल्या दोन विषयांवर बोलून काही फायदा नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. (मेसच्या मावशी आणि सर, दोघांनीही हलके घ्यावे!) तिसऱ्या विषयाला मात्र रोज रात्री नवा साक्षीदार मिळतो. कुणाचा चुलतभाऊ चाकणला कामाला असतो. कुणी पुणे-नाशिक रस्त्यावर काळी-पांढरी चट्टेरी पट्टी चिकटवलेली बाइक 'स्वतःच्या डोळ्यांनी' बघितलेली असते.

"350 च्या आत बसवणार, पण जोर 400 चा देणार. लिहून घे!"

"छे! ॲडव्हेंचर म्हणजे साडेचारशेच्या खाली बोलूच नको."

मग ताटावर चमचे आपटतात, वॉचमन काका शिट्टी वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी व्हायवा असलेली मंडळी जर्नल विसरून पुन्हा त्याच वादात पडतात.

मीही या वादात कधी मागे नव्हतो. कॅम्पसमधून नोकरी लागली की पहिल्या वर्षीच हप्त्यावर ॲडव्हेंचर बाइक घ्यायची आणि थेट माळशेज चढायचा, असा माझा बेत पक्का होता. पण गेल्या पावसाळ्यात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून माझी बाजू बदलली.

एका सीनियरने मोठ्या मनाने त्याची उंच ॲडव्हेंचर बाइक मला एका सकाळपुरती दिली. मी निघालो मलंगगडाच्या रस्त्याला. धो धो पाऊस, रस्त्यावर घोटाभर पाणी. नेवाळीच्या पुढे समोरचा ट्रक थांबला, मीही थांबलो. वेग शून्य. सवयीने डावा पाय खाली टाकला आणि जमीन लागलीच नाही! तिथे खड्डा होता, पाण्याने भरलेला. माझी उंची पाच फूट चार इंच, वजन छप्पन्न किलो. बाइक माझ्या साडेतीन पट. ती कलली, मी तिला सावरू शकलो नाही आणि आम्ही दोघेही आडवे झालो. घोट्याला प्लॅस्टर, सहा आठवडे, दोन सबमिशन्स बोंबलली.

माझे बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर आहेत. शिफ्ट सोडून आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी बाइकला एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "पाय पोचत होता का रे?"

मित्रांनो, दोन वर्षं मेसमध्ये आपण हजार प्रश्न विचारले. किती सीसी, किती पीएस, टॉप स्पीड किती, डिस्प्ले कसा. हा प्रश्न आपल्यापैकी एकानेही कधी विचारला नव्हता. म्हणून हा लेख.

आधी अफवांबद्दल. अफवा सगळ्याच खोट्या असतात असं मी म्हणत नाही. केटीएमच्या 390 ॲडव्हेंचरचंच उदाहरण घ्या. 390 ड्यूक आपल्याकडे 2013 मध्ये आली. तेव्हापासून "हिची ॲडव्हेंचर येणार" ही बातमी दरवर्षी ताजी होत राहिली. इंजिन तर तयार होतं, मग उशीर कशाला, असा सगळ्यांचा सवाल. शेवटी 2019 च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात ती दिसली, डिसेंबरात गोव्यात इंडिया बाइक वीकला आली आणि जानेवारी 2020 मध्ये 2 लाख 99 हजारांना विक्रीला लागली. बनते कुठे? आपल्याच चाकणला, बजाजच्या कारखान्यात. म्हणजे अफवा खरी ठरली, पण तपशिलात घोळ झाला. लोकांनी तारांची चाकं आणि पुढे 21 इंची चाक गृहीत धरलं होतं. आली ती अलॉयवर, पुढे 19 इंची. आणि सीट? 855 मिमी.

त्या सीटचं पुढे काय झालं हे उल्हासनगरात राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्या कॅम्पात सीट-कव्हरवाल्यांची काय कमी आहे! उंच बाइक घेऊन जायचं, सीटवाला फोम काढतो, ब्लेडने एक-दीड इंच तासतो, वर नवं कव्हर चढवतो आणि तासाभरात बाइक तुमच्या मापाची. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण लहानपणापासून ऐकतो. पण जे काम डिझाइन ऑफिसात व्हायला हवं होतं ते कॅम्पातला कारागीर स्टुलावर बसून करतो, यात विनोद नेमका कुणावर झाला? शिवाय फोम तासला की सीट फळीसारखी कडक होते आणि लांबच्या प्रवासात पार्श्वभाग रडतो. हा उपाय नाही, ही तडजोड आहे.

कंपनीलाही हे उमगलं असावं. 2023 मध्ये 830 मिमी सीटची आवृत्ती आली, तारांच्या चाकांचीही आली. मग जानेवारी 2025 मध्ये संपूर्ण नवी 390 ॲडव्हेंचर आली. 399 सीसी, 46 पीएस, 39 न्यूटन-मीटर, पुढे 21 इंची चाक, सीट 830 मिमी. जे पहिल्या दिवशी मागितलं होतं ते मिळायला पाच वर्षं लागली. किंमत मात्र तोवर 3 लाख 68 हजारांवर पोचली होती.

आता पुढच्या मॉडेलकडे वळू. मेसमधला '350 च्या आत' वाला गट म्हणतो त्यात तथ्य आहे, पण त्याचं कारण इंजिनात नाही, करात आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दुचाकींचा जीएसटी बदलला. 350 सीसीपर्यंत 28 टक्के होता तो 18 झाला. त्यावरच्या गाड्यांना सेस धरून 31 टक्के होता तो 40 झाला. समजा करापूर्वी बाइकची किंमत 2 लाख 20 हजार आहे. 18 टक्क्यांनी ती होते 2,59,600. 40 टक्क्यांनी 3,08,000. फरक 48,400 रुपये! म्हणजे 350 ची रेषा एका सीसीने ओलांडली तर आपल्यातल्या कित्येकांची वर्षाची मेस फी गेली. एवढ्या फरकानंतर कुठलीही कंपनी 350 च्या आतलं गणित मांडून बघणारच, त्याला चुलतभाऊ चाकणला असावा लागत नाही.

मग आपणही मांडू. हे आपल्याला दुसऱ्या वर्षातच शिकवलंय. 399 च्या इंजिनाचा बोअर 89 मिमी, स्ट्रोक 64 मिमी. बोअर तोच ठेवून स्ट्रोक 56 मिमी केला तर साधारण 348 सीसी होतात. पिस्टन जुना चालेल, क्रँक नवा करावा लागेल. उलट स्ट्रोक तोच ठेवला तर बोअर 83 मिमीवर आणावा लागतो. दोन्हीकडे कार्यक्षमता तीच राहिली असं धरलं, तर पॉवर आणि टॉर्क सीसीच्या प्रमाणात उतरतील. पॉवर सुमारे 40 पीएस, टॉर्क सुमारे 34 न्यूटन-मीटर.

आता '450 च्या खाली बोलू नको' गटाने जरा कान द्यावा. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 नोव्हेंबर 2023 मध्ये आली. 452 सीसी, 40 पीएस, 40 न्यूटन-मीटर. म्हणजे पॉवर दोघींची सारखीच. टॉर्क हिमालयनचा जास्त, हे मान्य. पण हिमालयनचं वजन 196 किलो आहे. समजा आपली कल्पनेतली 350 ची बाइक 165 किलोत बसवली. दोघींवर 70 किलोचा स्वार बसवा आणि टॉर्कला एकूण किलोंनी भागा. हिमालयन 0.150, आपली 0.145. गिअर रेशोचा भाग सोडला तर घाटात दोघी जवळपास खांद्याला खांदा लावून चढतील. गेलेले सीसी जवळजवळ सगळे भरून निघाले, वजन कमी केल्यामुळे.

आणि वजन फक्त चढाला लागत नाही. ते लागतं बाइक पडल्यावर उचलताना, हॉस्टेलच्या मागच्या चिखलात वळवताना, स्टेशनबाहेरच्या गर्दीत दोन रिक्षांच्या मधून मागे ढकलताना. या कामांत पीएस कामाला येत नाहीत, कंबर येते.

आता उंचीचं गणित, कारण हा माझ्या घोट्याचा प्रश्न आहे. सीट उंच का असते? कंपनी काही आपल्याला खिजवायला उंच करत नाही. खालून मोजत या. जमिनीपासून इंजिनाच्या तळापर्यंत 220 मिमीच्या आसपास जागा हवी, नाहीतर दगड लागणार. चाकाला वर यायला 200 मिमी ट्रॅव्हल हवा, नाहीतर खड्ड्यात मणक्याला दणका. त्यावर इंजिन, त्यावर फ्रेम, त्यावर सीट. बेरीज करा, 825-830 होते. म्हणून हिमालयन 450 ची सीट 825, 2025 मध्ये आलेल्या एक्सपल्स 210 ची 830, आणि 390 ॲडव्हेंचरची 830. तीन कंपन्या, जवळपास एकच आकडा.

पण हा आकडा रिकाम्या बाइकचा असतो हे लक्षात घ्या. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं, साधारण एकूण ट्रॅव्हलच्या पाव ते एक तृतीयांश. म्हणजे 200 मिमी ट्रॅव्हलची बाइक 50-65 मिमी खाली बसते. मग माझा पाय का पोचला नाही? एक, स्प्रिंग बसवलेली असते भारी माणूस आणि सामान धरून. छप्पन्न किलोच्या माणसाखाली ती दबतच नाही. दोन, सीटची रुंदी. सीट पुढून रुंद असेल तर पाय आधी बाजूला फाकतो आणि मग खाली जातो, तिथेच इंच-दोन इंच खर्च होतात. ब्रोशरमध्ये उंची छापतात, रुंदी कुणी छापत नाही. आणि तीन, आपल्या रस्त्यावर जमीन सगळीकडे एका पातळीत नसते. कल्याण-बदलापूर रस्त्याने पावसाळ्यात गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावण्याची गरज नाही.

इथे माझा रूममेट नेहमी आडवा येतो. त्याचं म्हणणं असं, "उंच नसेल तर ती ॲडव्हेंचर कसली? बाहेरच्या लोकांना पूर्ण ट्रॅव्हलची देतात आणि आपल्याला बुटकी करून देतात. हा अपमान आहे." त्याचा रोख 2025 च्या 390 एंड्युरो आर वर असतो. बाहेर तिला 230 मिमी ट्रॅव्हल दिला, आपल्याकडे आली ती 200-205 ची. तेव्हा बरीच ओरड झाली होती.

त्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ज्याला खरोखर चिखल-दगडात उड्या मारायच्या आहेत त्याला पूर्ण ट्रॅव्हलची बाइक विकत मिळायला हवी. पर्याय काढून घेणं चूकच. पण बुटकी आवृत्ती म्हणजे अपमान, हे मला पटत नाही. आमच्या वर्गात एक मैत्रीण आहे, उंची पाच फूट एक इंच. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडपर्यंत ती तिच्या काकांची शंभर सीसीची बाइक आमच्यापेक्षा सफाईने चालवते. तिला माळशेजलाच नाही, स्पितीला जायचंय. ती शोरूममध्ये गेली की सेल्समन तिला थेट स्कूटरकडे वळवतो. अपमान म्हणायचा असेल तर त्याला म्हणू या.

या सगळ्यात एक जुनी बाइक मला फार आठवते. ती रस्त्यावर दिसायची तेव्हा मी शाळेत होतो. 2011 मध्ये हिरोने इम्पल्स आणली होती. 150 सीसी, लांब ट्रॅव्हल, 134 किलो वजन. लोक म्हणाले, पैसे जास्त आणि इंजिन कम्यूटरचं. चालली नाही, बंद झाली. पण त्याच कल्पनेतून 2019 मध्ये एक्सपल्स 200 आली, लाखाच्या आसपास किमतीत, पुढे 21 इंची चाक घेऊन. तिने कॉलेजच्या पोरांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कच्च्या रस्त्यावर नेलं. म्हणजे हलकी बाइक ही कल्पना चुकीची नव्हती, तिला थोडा जास्त जोर हवा होता, एवढंच. माझ्या मते पुढची बाइक याच वाटेवर हवी.

तर माझा अंदाज आणि माझी मागणी, दोन्ही एकत्र लिहून ठेवतो. इंजिन 350 च्या आत, 35 ते 40 पीएस. वजन पेट्रोल भरून 165 किलोच्या आत. पुढे 21 इंची चाक, कारण मोठं चाक खड्ड्याच्या काठाला कमी तिरक्या कोनात भिडतं आणि आत पडण्याऐवजी वरून जातं. तारांची चाकं, पण ट्यूबलेस, कारण टोकावड्याच्या पुढे रात्री आठ वाजता पंक्चर झालं तर ट्यूब काढत बसायला उजेड कुठून आणणार? सीट 830, पण पुढून अरुंद. आणि सर्वात महत्त्वाचं, शोरूममध्येच कमी उंचीची सीट आणि हलक्या माणसासाठी मऊ स्प्रिंग यांचा पर्याय, कंपनीच्या वॉरंटीसकट. कॅम्पातल्या सीटवाल्याचं ब्लेड नको. (तो बिचारा रागावेल, पण त्याच्याकडे सोफ्याची कामं भरपूर आहेत!)

इंजिनाचा अंदाज खरा ठरेल याची मला बरीच खात्री आहे, कारण तो कर ठरवतोय. वजनाचा निम्मी. सीटचा पर्याय मिळेल याची सर्वात कमी, कारण तो आपण मागतच नाही. कंपन्या बघतात की लोक कशावर भांडतात, आणि आपण भांडतो सीसीवर.

मागायची वेळ मात्र हीच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएमची ऑस्ट्रियातली मूळ कंपनी कर्जात बुडून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 2025 मध्ये बजाजने पैसा ओतून ती वाचवली आणि त्या वर्षअखेर तिचा ताबाही घेतला. म्हणजे आता निर्णयाची मोठी खुर्ची आकुर्डीला आहे. "युरोपातल्या माणसाच्या उंचीने बनवतात, काय करणार" ही सबब यापुढे तितकीशी चालणार नाही. आणि आपल्यातलेच काहीजण दोन-चार वर्षांत आकुर्डीला, चाकणला किंवा पुण्याच्या एआरएआयमध्ये कामाला असतील. तेव्हा टेबलावर 'रायडरची उंची' हा रकाना भरायची वेळ येईल. त्या रकान्यात कुणाचा आकडा घालणार?

म्हणून एक सूचना करतो. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनच्या सरांनी आणि मॅडमनी ती मनावर घ्यावी ही विनंती. तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला दरवर्षी तेच ते विषय होतात. यंदा एका गटाने टेप घेऊन मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही हॉस्टेलमध्ये फिरावं. प्रत्येकाची उंची, वजन आणि पायाची आतली लांबी मोजावी. मग चार-पाच बाइक्सवर बसवून बघावं, कुणाचा पूर्ण तळवा टेकतो, कुणाचा फक्त चवडा, कुणाचा काहीच नाही. सीटची रुंदीही मोजावी. खर्च जवळजवळ शून्य. आलेला तक्ता याच अंकात पुढच्या वर्षी छापू आणि एक प्रत पत्र जोडून कंपन्यांना पाठवू. उत्तर येईल न येईल, पण निदान मेसमधल्या वादाला आकड्यांचा आधार तरी मिळेल.

पहिलं माप मीच देतो. पायाची आतली लांबी 74 सेंमी, डावा घोटा थोडा कमजोर.

बाइकचा बेत मी सोडलेला नाही. फक्त क्रम बदललाय. शोरूममध्ये गेलो की आधी किंमत विचारणार नाही, सीसीही विचारणार नाही. बूट घालून बसणार, दोन्ही पाय खाली सोडणार आणि बघणार. बाबांना सोबत नेईन म्हणतोय. ते सीटवर हात ठेवून काय विचारतील ते मला आधीच माहीत आहे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष मेकॅनिकल